नांदूरच्या बांधावर पायी

फिट आली ती स्वयंपाकघरात, भाजी चिरताना. गाडी चालवताना नाही आली हे नशीबच. पण डॉक्टरांनी यापुढं स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं बजावलं आणि मी दवाखान्यातच भडकले. "कधीपर्यंत नाही?" तर म्हणाले, "बघू." 'बघू' म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक आहे. अख्खी नोकरी शाळेतल्या पोरांना मी तेच सांगत आले.

दुःख गाडीचं नव्हतं, पक्ष्यांचं होतं. दर हिवाळ्यात नाशिकहून पहाटे निघायचं, नांदूर मधमेश्वरच्या धरणाकाठी गाडी उभी करायची, काच खाली, दुर्बीण डोळ्यांना. पाखरं माणसाला बुजतात, गाडीला नाही. म्हणून गाडीतून उतरायचंच नाही, हा आम्हा पक्षी बघणाऱ्यांचा पहिला नियम. नवरा गेल्यावर त्या काचेमागं बसूनच मी सावरले होते. आता तेही सुटणार म्हटल्यावर घास गिळवेना.

मुलगा पुण्याहून म्हणाला, "आई, सुट्टी मिळाली की मी नेतो." त्याला सुट्टी मिळेपर्यंत पाखरं आपापल्या देशी पोचली असती. जानेवारीतल्या एका सकाळी मी गोळी घेतली आणि सरळ एसटीत जाऊन बसले. निफाडला उतरले, पुढं एका रिक्षात स्वतःला कोंबून घेतलं आणि धरणाच्या बांधापाशी पायउतार झाले. मनाशी ठरवलं होतं, आज जमलं नाही तर दुर्बीण कुणाला तरी देऊन टाकायची.

आणि जमेचना! मातकट कुडता, मातकट टोपी, वाकून, मांजरीच्या पावलांनी मी पुढं सरकत होते. चार पावलं टाकायची, थांबायचं, दुर्बीण लावायची, की भर्रकन चिखलातले सगळे लांब लाल पायांचे शेकाटे हवेत. पुन्हा चार पावलं, पुन्हा भर्र. चक्रवाकांची जोडी तर मला शिव्या दिल्यासारखी ओरडत गेली. तासाभरात मी अर्धा काठ रिकामा केला. अगदी रडकुंडीला आले. मेली कसली ही हौस!

तेवढ्यात मागून एक बाई आली. माझ्याच वयाची, डोक्यावर कांद्याच्या रोपाची पाटी. चपला फटफट वाजवत, फोनवर कुणाला तरी झापत ती आपली सरळ बांधावरून चालली होती. आणि तिच्यापासून वीस हातांवर शेकाटे खुशाल चिखलात चोची मारत होते. मला तर तिचा रागच आला.

फोन ठेवून तिनं विचारलं, "काय हरवलं का, ताई?"

"पक्षी बघायला आलेय. पण उडून जातात मेले."

"उडतीलच की! तुम्ही शिकाऱ्यावानी चालता. दबकत यायचं, रोखून बघायचं. त्यांना काय माहीत तुमच्या पोटात काय हाय? आमच्यावानी चाला. आपलं काम हाय, आपण चाललो."

पाटीतल्या रोपाच्या दोन जुड्या तिनं माझ्या हातात कोंबल्या. "थांबायचं नाय. मान वळवायची नाय, नुसते डोळे फिरवायचे. आणि बोलत राहायचं."

बोलायचं काय? अनोळखी बाईशी? तिनंच विचारलं, "एकट्या कशा आल्या? गाडी नाय?" मग निघालंच सगळं. भाजी, फिट, डॉक्टर. शेजारणीलाही सांगितलं नव्हतं ते मी त्या बांधावर चालता चालता मोठ्यानं सांगून टाकलं. आणि सांगताना डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते. शेकाटे जागचे हलले नाहीत. चक्रवाक पाठ फिरवून चरत राहिले. पुढं हरभऱ्याच्या वावराच्या कडेनं गेलो, तर तिथं दहा-बारा क्रौंच उभे. माझ्या कमरेएवढे उंच! एकाच्या डोक्यावरचा लाल ठिपका मला नुसत्या डोळ्यांनी दिसला. गाडी रस्ता सोडून वावरात थोडीच शिरते? इतकी वर्षं हे क्रौंच मी ठिपक्याएवढेच बघत आले होते. छातीवरचा धोंडाच उतरला. हुश्श! माझं काही संपलेलं नव्हतं.

तिचं वावर आलं. बाया ओळीनं वाकून कांदे लावत होत्या. तिनं पाटी उतरवली. तेव्हा कुठं माझ्या तोंडून खरी भीती बाहेर पडली. "पुन्हा यायचंय हो मला. पण एकटी असताना इथंच पडले तर?"

"पडल्या तर उचलू की," ती म्हणाली. "एवढ्या बाया हायेत इथं."

डॉक्टर, मुलगा आणि मी, तिघंही महिनाभर एकाच विचारात होतो, की मी पडता कामा नये. पडलेल्या माणसाला उचलतात, हे कुणाला सुचलंच नव्हतं. मी बांधावर फतकल मारून बसले आणि भोकाड पसरलं.

तिनं मला रडू दिलं. मग वाकल्या वाकल्याच म्हणाली, "झालं का रडून? मग त्या जुड्या आणा इकडं, हा वाफा तसाच पडलाय."