राखून ठेवलेला पट्टा

वॉशिंग्टन डीसीहून सिॲटलला येताना विमानात शेजारी बसलेल्या आजोबांनी माझ्याकडे खिडकीची सीट मागितली. ते सिनेटर आहेत, हे एअर होस्टेसमुळे कळलं. "सिनेटर, आज तरी जरा झोपा," ती म्हणाली.

"झोपायला सिनेट आहे की," ते म्हणाले.

मग आपणहून सांगू लागले. गव्हाच्या शेतातून उठून ते शेतीची धोरणं ठरवायला राजधानीत गेले आणि तिथलेच झाले. शेत आता धाकटा भाऊ बघतो. दर हंगामात तो गव्हाचा एक पट्टा न कापता राखून ठेवतो, यांनी येऊन कापावा म्हणून. यंदा शेतीच्याच विधेयकावरचं मतदान लांबलं होतं.

खाली पिवळी शेतं दिसू लागली, तसं त्यांनी काचेला कपाळ टेकवलं. हाताची बोटं मात्र ओंबी चोळावी तशी हलत होती.

विमान उतरताच त्यांनी भावाला फोन लावला. "पाऊस येणार होता. कापून टाकला," पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"बरं केलंस. मीही तेच केलं असतं."

सगळे उठले तरी ते बसून होते. "तू घरी कधी गेली होतीस?" त्यांनी विचारलं.

मी परक्यांशी फारसं बोलत नाही. तरी सांगितलं, "व्हिसाचं अडलंय. आई दरवर्षी माझ्या वाटणीचा आमरस फ्रीझरमध्ये ठेवते. यंदा पहिल्यांदाच तिनं विचारलं, ठेवू का म्हणून. मी अजून काही बोलले नाहीये."

"ठेव म्हण तिला," ते म्हणाले आणि उठून वरून आधी माझी बॅग काढून दिली.