खाडीपलीकडे न पोचणारा स्पीकर

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत स्पीकरची पारख एकाच गोष्टीवरून व्हायची, आवाज किती लांब जातो. वरच्या वाडीतलं भजन खालच्या वाडीत ऐकू गेलं की लाऊडस्पीकरवाला चांगला. खाडीपलीकडे गेलं तर फारच चांगला. भजन म्हणणाऱ्यांना स्वतःला काय ऐकू येतं हे कुणी विचारत नसे. मीही विचारलं नव्हतं, आणि त्याची शिक्षा मला सगळ्यांसमोर मिळाली.

माझे दीर बोटीवर नोकरीला होते. त्यांनी मुलांसाठी परदेशातून एक इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणला. मुलांनी आठवडाभर त्यातले ठेके लावून घर डोक्यावर घेतलं, मग तो कपाटावर चढला. तो मी मागून घेतला. मांडवीतल्या आमच्या बायकांच्या भजनी मंडळात मी गात असे आणि पेटीही मला येत होती. तरी मंडळाची पेटी वाजवायला शेजारच्या आळीतले एक बुवा येत. बायकांनी गायचं आणि सूर पुरुषानं द्यायचा, अशी रीत. बुवा वाजवत छान. पण पट्टी तेच ठरवत, त्यांच्या गळ्याला सोयीची. आम्ही बायका खालच्या सुरात घोगऱ्या व्हायचो. आणि बुवांना सवड नसली की कार्यक्रमच रद्द.

मी म्हटलं, यापुढे मी वाजवीन.

मंडळाच्या प्रमुख काकी मासळीच्या धंद्यात आयुष्य काढलेल्या. मनात एक आणि तोंडात एक असं त्यांचं नव्हतं. म्हणाल्या, "वाजव गो बाय. पण फजिती झाली तर बुवांना परत मीच आणणार. मग तू रुसायचं नाय."

फजिती पहिल्याच कार्यक्रमात झाली. खाडीकाठच्या एका वाडीत पूजा होती. लाऊडस्पीकरवाल्यानं दोन कर्णे माडांवर चढवले, तोंडं खाडीकडे. त्यानं कीबोर्डच्या मागच्या भोकात वायर खुपसली आणि ती आपल्या मशीनला जोडली. वायर आत गेली की कीबोर्डचा स्वतःचा बारका स्पीकर बंद पडतो, हे मला ठाऊक होतं. त्याचा अर्थ काय होणार, ते मात्र डोक्यात आलं नाही. मी सूर धरला. आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. आवाज आमच्या पाठीमागून खाडीवर गेला, समोरच्या डोंगरावर आपटला आणि थोड्या वेळानं परत आला. बायका त्या परत आलेल्या सुराच्या मागे धावू लागल्या, मृदंग पुढे निघून गेला. शिवाय कर्ण्यातून खालचे सूर निघतच नव्हते. वरचे निघत ते चिमटीत धरलेल्या नाकातून निघावेत तसे. दुसऱ्या कडव्याला काकींनी हात वर करून भजन थांबवलं.

"मस्त झालं वहिनी, पलीकडे खणखणीत गेलं!" लाऊडस्पीकरवाला म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

परतीच्या एसटीत काकी बोलल्या. "पंधरा दिवसांनी जयगडला भजन हाय. बुवांना मी पेटी घेऊन चला म्हणून सांगणार. तुझं जमलं तर त्यांनी पेटीचं कापड सोडायचं नाय. नाय जमलं तर ते वाजवतील, तिथंही आणि पुढंही."

रडत बसायला पंधरा दिवस कमी होते आणि स्पीकर शोधायला जेमतेम पुरे. दुसऱ्या दिवशी कीबोर्ड चादरीत गुंडाळून रिक्षात घातला आणि रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदारानं आधी कर्णाच पुढे केला. तो नको म्हटल्यावर टेपरेकॉर्डर डेकचे दोन गुळगुळीत खोके दाखवले. "दिवाणखान्यात शोभतील बघा, बाई."

"शोभेला नकोत. वाजवून बघू दे."

"वाजवून? इथं?"

तिथंच. काउंटरवर कीबोर्ड मांडून मी डाव्या हातानं सगळ्यात खालचा सा दाबून धरला आणि आवाज वाढवत गेले. खोका फर्रफर्र करू लागला. टेपवरच्या गाण्यातले चढउतार आधीच कमी केलेले असतात, त्याला तो स्पीकर पुरतो. पट्टीवर एकदम बोट पडतं तेव्हाचा धक्का त्याला सोसत नाही. रस्त्यावर माणसं जमली. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि डोळे मिटले, कारण स्पीकर डोळ्यांनी पाहिला की मोठा तो चांगला वाटू लागतो. शेवटी बारा इंची कागदी कोनाचा एक स्पीकर, वरच्या सुरांसाठी एक लहान आणि एक छोटा अॅम्प्लिफायर, एवढं पसंत केलं. घरी रियाजाला तेच आणि कार्यक्रमालाही तेच. माझी अट एक होती, सगळं मला एकटीला उचलता आलं पाहिजे. दुसऱ्यानं उचललं की कुठं ठेवायचं तेही तोच ठरवतो.

उघडा स्पीकर मात्र पोकळ वाजतो, त्याला खोका लागतो. दुकानदाराकडे खोका नव्हता. मी बंदरावरच्या होड्या बांधणाऱ्या सुतारमामांकडे गेले. खोका हवाबंद पाहिजे, म्हणजे कोनामागची हवा फटींतून निसटणार नाही, एवढं मी त्यांना सांगितलं.

"म्हणजे होडीचंच काम," मामा म्हणाले. "आमच्यात पाणी आत येता नये, तुमच्यात हवा बाहेर जाता नये. पण ह्यात बसून जाणार कुठं?"

"जयगडला."

मामांनी जाड प्लायवूडचा खोका केला आणि सांध्यांत कापूस ठासून वरून राळ भरली, होडीला करतात तशी. दिसायला तो कोंबड्यांच्या खुराड्यासारखा होता. पण खालचा सा धरला तेव्हा मामांच्या हातातला चहा कपात थरथरला आणि फर्रफर्र मुळीच नाही.

घरी मी तो जमिनीवर, टेबलावर, कोपऱ्यात असा सगळीकडे ठेवून पाहिला. कोपऱ्यात आवाज घुमतो, फुगतो. भिंतीपासून दोन हात पुढे, मांडी घालून बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवला की स्वच्छ. आमच्या घरात तेवढ्या उंचीचं स्टूल नव्हतं. मी पाटावर पाट रचले.

जयगडला दुपारी चारला देवळाच्या मांडवात बसलो. लाऊडस्पीकरवाला तोच. कर्ण्यांची तोंडंही पुन्हा खाडीकडेच. बुवा पुढच्या रांगेत बसले होते आणि त्यांची कापडात बांधलेली पेटी मांडीला टेकलेली होती. मी खोका बायकांच्या बाजूला, त्यांच्याकडे तोंड करून ठेवला.

"वहिनी, उलटा लागलाय तुमचा स्पीकर. लोक इकडे बसलेत."

"लोकांना गायचं नाही."

"मग माझी वायर तरी लावू द्या."

"तुमची वायर गाणाऱ्यांच्या माईकला. त्यात माझा सूर जेवढा शिरेल तेवढा जाऊ दे बाहेर."

बुवा तिथूनच म्हणाले, "बाई, पट्टी काळी एक घ्या. मंडळाला तीच सवयीची."

मी काळी चार दाबली.

काकींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज लावला. सूर सगळ्यांच्या कानाशी होता, त्यामुळे कुणी कुणाच्या मागे धावलं नाही. इतकी वर्षं तळात घासत बसलेले आवाज वर मोकळे निघाले. आमच्यातली एक तर दचकून हसलीच. तिसऱ्या भजनाला, आम्हाला बोलावणाऱ्या यजमानांचे वडीलभाऊ आत आले. "ओ बाई, पेटी पलीकडच्या गावात नाय ऐकू येत!"

"त्यांना जेवायला बोलावलंय का?" मी वाजवता वाजवता विचारलं.

तेवढ्यात लाऊडस्पीकरवाला वाकून वायर घेऊन आलाच. माझे दोन्ही हात पट्ट्यांवर होते. टाळ न थांबवता काकी ओरडल्या, "हात लावू नको मेल्या! आता कुठं आम्हाला आमचं ऐकू येतंय."

तो वायर गुंडाळत मागे गेला. भैरवी होईपर्यंत पेटीचं कापड सुटलं नाही. प्रसाद घेताना काकींनी बुवांना सरळ सांगितलं, "बुवा, तुमचे उपकार हायत. पण आता आमचं आम्ही बघू."

बुवा पेटी उचलून निघाले. पुढची दोन वर्षं ते रस्त्यात माझ्याकडे न बघता जात. जयगडच्या यजमानांनीही आम्हाला पुन्हा बोलावलं नाही आणि आणखी एका वाडीनं, तुमचा आवाज बारीक, म्हणून दुसरं मंडळ ठरवलं. ठरवू देत. सावर्ड्याच्या बायकांनी बोलावलं, तेव्हा खोका मी गुडघ्याशी घेऊन एसटीत बसले. काळी चारला भजनं म्हटली आणि दिवेलागणीला परत आले.