पोटाशी धरलेला पाय

भुताखेतांच्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मला हसू यायचं, हे आधी सांगते. भीती नाही, हसूच. आमचं घर तसं नव्हतं. सासूबाईंनी धम्म घेतला तेव्हा देव्हाऱ्यातले देवांचे टाक स्वतःच्या हाताने नदीत सोडले होते. तेव्हापासून घरात ना अंगारा, ना लिंबू-मिरची. कुणाला ताप आला की दवाखाना, आणि पौर्णिमेला पांढरं पातळ नेसून विहारात. बस्स.

एका मासिकात लोकांच्या अशा अनुभवांचं एक पान येतं. शेजारची मुलगी आणते, तिचं झालं की मी वाचते. चारचौघांत बोलायला मला पहिल्यापासून जमत नाही. हेही कुठे पाठवीन असं वाटत नाही... पण मनात आहे ते एकदा लिहून तरी बघावं.

गोष्ट अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदची असेल. आम्ही अंबरनाथला, पूर्वेला, चिखलोलीच्या बाजूच्या एका चाळीत राहायचो. घरात मी आणि सासूबाई दोघीच. माझे यजमान मिलिटरीत हवालदार. दंडावर तीन पट्टे. त्या वर्षी त्यांची पलटण वर, बर्फात होती. कुठे ते आम्हाला कधी कळलं नाही, ते सांगायचेही नाहीत.

हवालदार म्हणजे काय काम असतं हे मला लग्नानंतरही बरेच दिवस कळलं नव्हतं. मला वाटायचं, बंदूक घेऊन सगळ्यांच्या पुढे चालत असतील. एकदा विचारलं तर म्हणाले, "कुठं जायचं ते साहेब ठरवतो. कधी निघायचं ते सुभेदारसाब सांगतात. आणि माझी दहा पोरं दोन-दोन पाय घेऊन तिथं पोचली का नाही, ते मी बघायचं."

"पाय?"

"पायच. बंदूक बिघडली तर दुसरी मिळते."

आणि खरंच, ते पाय बघायचे. बर्फात रोज मुक्कामाला पोचलं की सगळ्यांनी बूट-मोजे काढून हवालदारापुढे पाय धरायचे. तो एकेक बोट दाबून बघणार, कोरडे मोजे आहेत का विचारणार, मगच चहा. स्वतःचे पाय सगळ्यांत शेवटी. ही सवय ते सुट्टीवर घरीही घेऊन यायचे. घरात आल्या-आल्या, "चला, पाय दाखवा." माझ्या टाचांच्या भेगा बघून रागवायचे. शेजारच्या काकू साखर मागायला आल्या, त्यांचेही पाय बघितले. त्या बिचाऱ्या लाजून साखर न घेताच गेल्या.

सासूबाईंचे पाय हातात घेतले की त्या म्हणायच्या, "आईच्या पाया पडत्यात रे, तपासत न्हाईत."

"आई, बोट बधिर वाटतं का?"

"डोस्कं बधिर झालं तुझं बर्फात ऱ्हाऊन."

तरी त्यांनी आम्हाला सगळं शिकवून ठेवलं होतं. पाय गारठून पांढरा पडला तर चोळायचा नाही. शेकोटीला धरायचा नाही, कारण कातडीला समजतच नाही आणि ती भाजून निघते. दुसऱ्या माणसाने आपले कपडे वर करून तो पाय उघड्या पोटाशी धरायचा आणि बसून राहायचं. बाकी काही नाही. सासूबाई म्हणाल्या, "ह्ये आमाला कशाला? हितं अंबरनाथात बरफ फकस्त कुल्फीवाल्याकडं."

मी तेव्हा उल्हासनगरच्या एका सिंधी भाभीचं शिलाईकाम घरी आणायची. परकर, उशांचे अभ्रे असलं. पायाची मशीन होती. त्या दिवशी पौषातली पौर्णिमा होती. संध्याकाळी विहारात जायचं म्हणून दुपारी जेवून लगेच मशीनवर बसले होते. दारातून ऊन थेट मशीनपर्यंत आलं होतं, म्हणजे थंडी म्हणावी तर तीही नव्हती.

शिवता-शिवता पायपट्टी अडखळायला लागली. मला वाटलं, चाकाची वादी सैल झाली. वाकून बघितलं तर वादी ठीक होती. उजवा पायच हलत नव्हता. पट्टीवर ठेवलेला होता, पण माझा आहे असं वाटत नव्हतं.

पाय वर घेतला आणि हात लावला... गार. पाण्यात भिजल्यासारखा गार नाही. लोखंड रात्रभर बाहेर राहिलं की सकाळी कसं लागतं, तसा. बोटं पांढरी, मेणासारखी. दाबलं तर लाली येईना. टाचणी टोचून बघितली, काही कळलं नाही.

"आत्याबाई, जरा इकडे या."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "पाय झोपला आसंल. आपट खाली."

"झोपल्यासारखा नाही हो. हात लावून बघा."

त्यांनी हात लावला आणि एकदम मागे घेतला. माझ्या तोंडाकडे बघितलं. आम्हा दोघींच्याही मनात एकच आलं, पण यजमानांचं नाव कुणीच काढलं नाही. ते बर्फात आणि माझा पाय असा... म्हणजे त्यांचं काही... पुढचा विचार मी केला नाही.

शेजारच्या काकू आल्या आणि बघून घाबरल्या. लगेच पेटती शेगडी उचलून घेऊन आल्या. "धर गं यावर, शेक बसला की होईल मोकळा."

मी पाय पुढे करणारच होते. सासूबाईंनी शेगडी हाताने बाजूला केली. "न्हाई. पोरगं काय सांगून गेलंय?"

भिंतीला टेकून त्या बसल्या. चोळी-लुगडं बाजूला सारून त्यांनी माझा पाय उघड्या पोटाशी घेतला, वरून पदर गुंडाळला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. गारठ्याने त्यांच्या अंगावर शहारा आलेला मला दिसला. सुनेने सासूच्या पोटाला पाय लावायचा... मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पाय ओढायला लागले.

"गप बस," त्या म्हणाल्या. "लाजायचं आसंल तर मागनं लाज."

ऊन मशीनवरून भिंतीवर गेलं. काकू एकदा जाऊन परत आल्या आणि म्हणाल्या, उल्हासनगर कॅम्पात एक बाबा आहेत, झाडतात, रिक्षा बघू का? खरं सांगते, मी हो म्हणणार होते. त्या वेळी मला कुणीही काहीही सांगितलं असतं तरी केलं असतं. सासूबाई डोळे न उघडताच म्हणाल्या, "टाक नदीत सोडलं ते काय आता बाबाच्या दारात जायला?"

मग कधीतरी मला काहीतरी लागलं. ऊब नाही. आधी लागली ती एक वळी. सासूबाईंच्या पोटावर ऑपरेशनची मोठी खूण होती, बेंबीपासून खाली, दोरी शिवल्यासारखी वर आलेली. तळपायाला पहिल्यांदा समजली ती हीच खूण. मी म्हटलं, "आत्याबाई, कळतंय."

त्यानंतर मुंग्या, आणि मग अशी कळ की मी पदर तोंडात धरला. पाय लालबुंद झाला आणि दिवे लागायच्या सुमाराला अगदी नेहमीसारखा झाला. विहारात त्या दिवशी आमचं जाणं राहिलं.

दुसऱ्या दिवशी कॅम्पातल्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी दाबून, ठोकून बघितलं. म्हणाले, शीर दबली असेल, मशीनवर कमी बसा. बरं म्हटलं. पण ते खरं कारण असेल असं वाटेना.

पुढचे दिवस मी पोस्टमनच्या वाटेवर काढले. दारात सायकल वाजली की हातातलं काम गळायचं. सासूबाई पोस्टमनच्या वेळेला अंगणात काहीतरी काम काढायच्या. शेवटी पत्र आलं. खुशाल आहे, तब्येत ठीक आहे, आईने गुडघ्याला तेल लावावं. पाय-बिय काही नाही. मी दोनदा वाचून दाखवलं.

सासूबाई म्हणाल्या, "बगितलंस? शीरच हुती." आणि आम्ही तो विषय सोडून दिला.

उन्हाळ्यात ते सुट्टीवर आले. बरोबर त्यांच्या सेक्शनमधला एक जवान होता. पहाडी मुलगा, दीवान नावाचा, नुकतं लग्न झालेला. त्याला पुण्याला मिलिटरीच्या दवाखान्यात पाय दाखवायला जायचं होतं. वाटेत एक दिवस आमच्याकडे जेवायला. तो इतका लाजाळू की मला त्याच्यासमोर जरा धीर आला.

जेवायच्या आधी, सवयीप्रमाणे, "चलो दीवान, पाँव दिखाओ."

तो म्हणाला, "उस्ताद, यहाँ? भाभी के सामने?"

"भाभीचेही बघणार आहे. बैठ."

त्याने मोजा काढला. उजवा पाय. दोन बोटांची नखं गेलेली, शेंड्याची कातडी काळपट, नवी. बाकी पाय धड होता. मी विचारलं, काय झालं?

यांनी सांगितलं. पेट्रोलिंगला बर्फाच्या पातळ थरातून दीवानचा पाय खाली पाण्यात गेला. आपल्यामुळे सगळे थांबतील म्हणून त्याने सांगितलंच नाही. यांना चालीवरून संशय आला आणि यांनी मधेच थांबवून सगळ्यांना बूट काढायला लावले. दुपार होती. पाय पांढरा पडलेला. यांनी कोट उघडून तो पोटाशी घेतला.

"च्यायला, किती वेळ धरला," ते म्हणाले, "पण माझंच पोट गार पडलं. अंगात द्यायला ऊबच राहिली नाही. मी मनात म्हटलं, गेला. पाय कापणार आणि पोरगं घरी. ह्याच्या बापाला डोंगरातली शेती, हाच एकटा. साहेबांनी मला विचारलं असतं, हवालदार, तू काय करत होतास? आणि बरोबर विचारलं असतं."

"मग?"

"मग काय. आपोआप गरम व्हायला लागला. कसा ते मला विचारू नका."

दीवान हसून म्हणाला, "उस्ताद को पता नहीं चला, मुझे पहले पता चला. वो टाँके लगे ना पाँव को."

"कसले टाँके?"

"आपके पेट पे जो हैं. लंबे वाले. रस्सी जैसे. सबसे पहले वही लगे मुझे, तभी तो मैं बोला, उस्ताद, पता चल रहा है."

"अरे, माझ्या पोटावर कुठले टाके?" म्हणून यांनी बनियन वर केली. पोट साफ. कुठे ओरखडासुद्धा नाही.

दीवान बघतच राहिला. मग जरा ओशाळून म्हणाला, "और पेट भी नरम था... मैंने सोचा, उस्ताद का पेट इतना नरम कब से हुआ." आणि पुन्हा हसला. यांनीही हसून त्याच्या पाठीत थाप दिली. "थंडीनं डोकं फिरलं होतं तुझं."

मी हसले नाही. सासूबाई भाकरीचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांचा एक हात पदरावरून पोटाशी गेला होता. मला विचारायचं नव्हतं, तरी तोंडातून गेलं, "हे कधीचं हो?"

"पौषात. पौर्णिमा होती, म्हणून तर चांदण्यात याला खाली उतरवता आलं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "का गं?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी ताट खाली ठेवलं, दीवानसमोर बसल्या आणि त्याचा तो पाय दोन्ही हातांत घेतला. तळव्यावरून अंगठा फिरवला. ज्या कामावरून मुलाला आयुष्यभर नावं ठेवली, तेच करत... एकेक बोट दाबून बघितलं.

"खा आता," त्या म्हणाल्या. "गार हुतीया भाकरी."

दीवान गेल्यावर मी यांना सगळं सांगितलं. मशीन, शेगडी, सासूबाईंचं पोट. त्यांना भुतंखेतं मान्य नाहीत, पण ते खोटंही म्हणाले नाहीत. म्हणाले, "माझ्या पायाला झालं असतं आणि तुला कळलं असतं, तर एक वेळ समजलो असतो. पण त्या पोराचा पाय तुझ्याकडं कसा आला?"

हाच माझाही प्रश्न आहे. मी त्याला कधी बघितलं नव्हतं, त्याचं नावही ऐकलं नव्हतं. तो यांच्या दहांपैकी एक होता, एवढंच. माझा आणि त्याचा, दोघांचाही पाय यांच्या सांगण्याप्रमाणेच पोटाशी धरला होता, हेही खरं. पण अंबरनाथची खूण तिकडे बर्फात त्याच्या पायाला कशी लागली, हे मला कुणी सांगेल का? मी विहारातल्या शिकलेल्या ताईंनाही एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, योगायोग. असेल. पण योगायोगाला टाके असतात का?

सासूबाईंना मी बरेचदा विचारलं. त्या जाईपर्यंत त्यांचं उत्तर एकच होतं.

"मला काय ठावं बाई. माज्याकडं एक थंड पाय आला, मी धरला. कुणाचा ते मी इच्यारलं न्हाई."

त्या दिवशी दीवान निघाला तेव्हा बूट घालून त्यांच्या पाया पडायला वाकला होता. त्यांनी त्याला मधेच धरून सरळ उभं केलं. "पडू नगं. नीट चाल." आणि तो चाळीच्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्या त्याच्या पायांकडेच बघत होत्या.