मुक्कामाच्या चादरी

शिबिर संपलं की हॉलच्या कोपऱ्यात एक पोतं उरतं. त्यात एका पायाचा सॉक्स, डब्याचं झाकण, अर्धा कंगवा असलं काय काय असतं. एकदा तर चक्क दातांची कवळी निघाली. शिबिर मुलांचं, म्हणजे कवळी आम्हा मोठ्यांपैकीच कुणाची तरी. पण आजतागायत कुणी कबूल झालेलं नाही. किस्स्यांचंही असंच आहे. कुणी मुद्दाम ठेवून जात नाही, तरी दरवर्षी उरतात, आणि टाकून द्यायला जीव होत नाही.

मी दौंडला शाळेत शिकवते. गेली अकरा वर्षं मे महिन्यातले पाच दिवस आमच्या चर्चच्या मुलांच्या शिबिराला देते. जागा केडगाव स्टेशनपासून रिक्षानं दहा मिनिटांवर आहे. चारी बाजूंनी ऊस, मध्ये चार खोल्या, पत्र्याचा हॉल, एक कडुनिंब आणि कपडे धुवायचा मोठा हौद. शिरूर आणि दौंड तालुक्यातली चाळीसेक मुलं येतात. गाणी म्हणतात, वचनं पाठ करतात, भांडतात, आणि मुक्कामाला राहतात. मुली खोल्यांत, मुलगे हॉलमध्ये.

त्यातला मुक्काम गेल्या वर्षी बंद पडायला आला होता.

*

झालं असं की आमच्याकडे नवे पाळक साहेब आले. तरुण, पुण्यात शिकलेले, हातात कायम वही. माणूस चांगला, पण प्रत्येक गोष्टीचा फायदा विचारायची सवय.

एप्रिलच्या मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, "मुलं सकाळी नऊला आली आणि पाचला गेली, तर नेमकं काय बिघडेल? डे कॅम्प करू. मुक्कामाचा वेगळा फायदा काय?"

अकरा वर्षं मुक्काम पाहिलाय, पण फायदा म्हणून एक वाक्य सांगा म्हटलं तर मला सतरंज्यांवरून झालेली भांडणंच आठवतात. मी मार्थामावशीकडे पाहिलं. मावशी आमच्या स्वयंपाकघराच्या मालकीण. मूळच्या कवठे येमाईच्या, उभं आयुष्य दवाखान्यात आया म्हणून काढलेल्या.

मावशी म्हणाल्या, "साहेब, पाचला घरी गेलेलं पोर म्हंजी शाळाच की ओ."

साहेबांनी ते वहीत लिहिलं, पण पटलेलं दिसलं नाही. शेवटी ठरलं की या वर्षी मुक्काम करून बघायचा. फायदा दिसला तर पुढं चालू, नाहीतर पुढच्या वर्षीपासून नऊ ते पाच.

*

साहेबांनी फॉर्मही नवा केला. त्यात नाव, इयत्ता आणि मग एक रकाना, 'मुक्काम'. पुढे हो किंवा नाही लिहायचं. म्हणजे साहेबांच्या मनात तसं होतं, कागदावर तसं कुठंच नव्हतं.

मांडवगण फराट्याहून दानियल आबांचा फॉर्म आला. आबा ऊस आणि कांदा करतात. मुलगा आणि सून नोकरीसाठी पुण्यात असतात, म्हणून दहा वर्षांची नात सलोमी आबांजवळ राहते. मुक्कामाच्या पुढे आबांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'मु. पो. मांडवगण फराटा, ता. शिरूर, जि. पुणे'.

मी फोन लावला. "जय ख्रिस्त आबा. मुक्कामापुढं हो किंवा नाही लिहायचं होतं."

"आता मुक्काम लिव्हलाय की. दुसरा कुठला लिव्हू?"

"तसं नाही आबा. सलोमी शिबिरात झोपायला राहणार का?"

आबांनी घसा खाकरला. मग आबा म्हणाले, "न्हाई टीचर. मी रोज आणीन आन् सांजच्याला न्हीन."

आणि मागून सलोमीचा आवाज आला, "आबा, मला राहायचंय."

आबांनी फोन ठेवला.

*

पहिल्या दिवशी आबा बोलल्याप्रमाणे संध्याकाळी मोटारसायकल घेऊन हजर. बाकीची पोरं आपापल्या सतरंज्यांच्या जागेवरून भांडत होती. सलोमी मागच्या सीटवर उलटी मान करून फाटक दिसेनासं होईपर्यंत बघत गेली. मला वाईट वाटलं, पण मी गप्प बसले. गप्प बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

मावशींना तसलं जमत नाही. दुसऱ्या दिवशी आबा नातीला सोडायला आले, तेव्हा मावशींनी त्यांना कडुनिंबाखाली बसवलं आणि सरळ विचारलं. मी चहा घेऊन मधेच पोचले, म्हणून मलाही ऐकायला मिळालं.

"आबा, पोरीला ऱ्हायचंय. तुमचं कुठं अडतंय?"

आबांनी कप न पिताच जमिनीवर ठेवला. मग खाली बघत म्हणाले, "मावशी, पोरीचं अजून आथरूण ओलं व्हतंय. रोज न्हाई, पर व्हतंय. मागं एका लग्नाला गेलो तर पाव्हण्यांच्यात झालं. पोरं हसली. तवापासनं ती कुठं ऱ्हाईलीच न्हाई. आन् हितं चाळीस पोरं."

हे सगळं मी सलोमीला विचारूनच लिहितेय. ती म्हणाली, "लिहा की टीचर. आता काय त्याचं."

मावशींनी आबांचा गार झालेला चहा काढून घेतला आणि दुसरा दिला. म्हणाल्या, "एवढंच व्हय? दवाखान्यात म्या ह्येच केलंय जन्मभर. ऱ्हाऊद्या तिला. कुणाच्या बापाला कळायचं न्हाई."

आबा म्हणाले, "कसं?"

"त्ये माझ्यावर सोडा."

आबांनी माझ्याकडून फॉर्म मागून घेतला. मांडवगण फराट्यावर एक रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'हो'. मग ते पेन परत द्यायचं विसरले आणि खिशाला लावून घेऊन गेले.

*

त्याच संध्याकाळी प्रार्थनेनंतर मावशी हॉलमध्ये उभ्या राहिल्या आणि त्यांनी कायदा जाहीर केला.

"उद्यापासनं उठल्या उठल्या सगळ्यांनी आपापली चादर हौदावर आणायची. धुवायची, पिळायची, तारंवर टाकायची. मगच न्ह्यारी. ल्हान-मोठं, टीचर, साहेब, सगळ्यांनी. घामानं चादरी कुबट येत्यात."

शिवाय सगळ्या मुलींच्या चादरीखाली त्यांनी मेणकापडाचे तुकडे घातले. का, असं विचारलं तर "फरशी गार लागती" म्हणाल्या. मे महिन्यात. केडगावला.

सलोमी पहिल्या ओळीत बसली होती. ती मावशींकडे बघत होती आणि मावशी मुद्दाम तिच्याकडे बघत नव्हत्या.

*

साहेबांना हा कायदा मुळीच मानवला नाही. आमच्याकडे मे महिन्यात बोअर कधीही दम टाकते. साहेब सकाळी हौदापाशी आले ते वही घेऊनच.

"मावशी, इतकं पाणी रोज?"

"सगळं पाट काढून शेवग्याला सोडलंय साहेब. शेंगा तुम्हीच खाणार."

"पण माझी चादर स्वच्छ आहे. परवाच आणलीय घरून."

"मन बी सोच्छच असतंय तुमचं. तरी रोज सकाळी प्रार्थना करताच की."

साहेबांनी वही कडुनिंबाच्या फांदीत अडकवली आणि बाह्या वर केल्या. पिळायला दुसरं कुणी रिकामं नव्हतं, म्हणून चादरीचं दुसरं टोक सलोमीनं धरलं. साहेबांनी एकीकडे पीळ घातला, तिनंही त्याच बाजूला घातला. दोघं पिळत राहिली आणि चादर तशीच. मग सलोमी म्हणाली, "साहेब, तुम्ही उलटं पिळा, नायतर दिवसभर हितंच."

*

रांजणगावला फ्लॅटमध्ये राहणारा शमुवेल चाकाची बॅग घेऊन आला होता. वय नऊ. त्यानं चादर काखेत धरून हौदाला एक फेरी मारली आणि विचारलं, "मावशी, वॉशिंग मशीन कुठे आहे?"

मावशींनी त्याच्या पायांकडे बोट दाखवलं. "ही काय दोन. टब घे, चादर घाल, वर हुबा ऱ्हा आन् चालू कर."

शमुवेल जो टबात शिरला तो निघेना. त्याला बघून आणखी आठ-दहा मशिनी चालू झाल्या. तासाभरात तारांवर चाळीस चादरी लागल्या. सगळ्या सारख्याच ओल्या. त्यातली कुठली आधीपासून ओली होती आणि कुठली नव्हती, हे सांगायला कुणाची माय व्यायली नव्हती. तेच तर पाहिजे होतं.

शिबिर झाल्यावर आठवड्यानं शमुवेलच्या आईचा फोन आला. "टीचर, हा रोज सकाळी बाथरूममध्ये चादर घालून नाचतो. बाहेर ये म्हटलं तर म्हणतो, थांब, स्पिन बाकी आहे."

*

याच शमुवेलचं आणखी एक आहे. जेवणाआधीची प्रार्थना रोज एकेक मूल करतं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याची पाळी आली. भात वाढलेला, वर आमटी ओतलेली, सगळे डोळे मिटून बसलेले. शमुवेलनं अन्नाबद्दल आभार मानले, मावशींबद्दल मानले. मग म्हणाला,

"आणि प्रभू, इथे फोन देत नाहीत म्हणून तुला सांगतो. मम्मीला सांग मी इथे रडलो नाही. पहिल्या दिवशी रडलो, ते तुला माहितीये, पण ते नको सांगू. आमेन."

कुणी हसलं नाही. म्हणजे पोरांपैकी कुणी नाही. त्यांनाही आपापले निरोप आठवले असावेत. मी मात्र पदर तोंडाला लावला. साहेबांनी एक डोळा उघडला, शमुवेलकडे पाहिलं आणि सगळ्यांच्या मागून एकट्यानं पुन्हा एकदा 'आमेन' म्हटलं.

*

चौथ्या दिवशी साहेबांनी पोरांना गोल बसवलं आणि विचारलं, "मुक्कामाला राहून काय फायदा झाला? प्रत्येकानं एक सांगा." चर्चच्या कमिटीला त्यांना रिपोर्ट द्यायचा होता, आणि त्यावर पुढच्या वर्षीचं ठरणार होतं. पोरं काय बोलतील त्याचा नेम नसतो.

एकजण म्हणाला, भात मऊ होता. एकीला एक मैत्रीण मिळाली आणि ती हरवली पण, म्हणजे भांडण झालं. शमुवेल म्हणाला, "मशीन." साहेब लिहीत होते, पण त्यांचा चेहरा काही खुलेना.

सलोमीची पाळी आली. ती उभी राहिली, फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"मी राहिले," ती म्हणाली आणि बसली.

साहेबांनी विचारलं, "हो, पण फायदा काय?"

ती म्हणाली, "त्योच की."

साहेबांनी वहीत लिहिलं, 'राहिली', आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. मी शेजारीच बसले होते, मला दिसलं. मला वाटलं, आता उठून सगळं सांगून टाकावं. तेवढ्यात मावशींनी लांबूनच माझ्याकडे असं बघितलं की मी परत मांडी घालून बसले.

*

शेवटच्या दिवशी पालक दहाला येतात. आबा सातलाच आले.

हौदावर गर्दी होती. पोरं टबात नाचत होती, साहेब स्वतःची चादर तारेवर टाकत होते. आता त्यांना पीळ बरोबर जमायला लागला होता. सलोमी दोन लहान मुलींना पिळायला शिकवत होती आणि जरा जास्तच ओरडत होती. आबा आलेले तिनं पाहिलं, हात हलवला आणि पुन्हा कामाला लागली.

आबा फाटकाशी उभे राहिले. तारांकडं बघत होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत. मग त्यांनी गाडीच्या हँडलची पिशवी काढली, चपला बाजूला ठेवल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत सारला आणि पिशवीतून एक चादर काढली. पांढरी, घडीची, पाव्हण्यांसाठी कपाटात ठेवतात तसली. घडीच्या रेघाही मोडलेल्या नव्हत्या. ती त्यांनी हौदावर आणली आणि पाण्यात बुडवली.

पाळक साहेब बघतच राहिले. "आबा, ही तर कोरी दिसतेय."

"व्हय."

"मग धुताय कशाला?"

"मावशी फोनवर म्हनल्या, हितं सगळ्यांनी धुवायची."

"अहो, पण ते मुक्कामाला असणाऱ्यांनी. तुम्ही कुठं होता मुक्कामाला?"

आबांनी चादर वर काढली. पाणी कोपरावरून ओघळत होतं.

"पोरगी व्हती की," आबा म्हणाले.

साहेबांनी आबांकडे पाहिलं. मग तारेकडे, मग सलोमीकडे, मग मावशींकडे. मावशी चुलीत लाकूड सारत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. साहेब पुढं झाले आणि त्यांनी आबांच्या चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून पिळली. उलट्या बाजूंनी, बरोबर.

तारेवर जागा नव्हती. साहेबांनी स्वतःची चादर सरकवली, आणखी दोन सरकवल्या आणि आबांची मध्ये बसवली. मग ओले हात शर्टाला पुसत माझ्याजवळ आले.

"टीचर," ते हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षी अजून एक तार बांधून घ्या. मुक्कामाला एवढ्या पुरत नाहीत."