लाल पावडरीची तक्रार

नोकरीतले बरेचसे गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेलेत. कुठला चोर कुठल्या ठाण्यातला, हे सांगताना माझी गल्लत होते आणि बायको ती दुरुस्त करते. बेदाण्याच्या कंटेनरचा गुन्हा मात्र मला अथपासून इतिपर्यंत पाठ आहे, कारण त्यात मी एका निरपराध बाईला जवळजवळ कोठडीत घातलं होतं.

मी तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या द्राक्षांच्या पट्ट्यात एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी हजेरी आटोपून बसलो होतो, तोच एक निर्यातदार कागदांची पिशवी घेऊन आला. त्याने परदेशात बेदाण्याचा एक कंटेनर पाठवला होता. तिकडच्या व्यापाऱ्याने दार उघडलं, तर आतल्या बाजूची खोकी हिरव्यागार, लांबट बेदाण्याने भरलेली आणि दाराकडच्या निम्म्या खोक्यांत जुना, काळपट, देठासकटचा चिकट माल. सील शाबूत होतं. खोकी याचीच, छपाई याचीच, आत माल भलताच.

व्यापाऱ्याने फोटोंसह तक्रार पाठवली होती, मुद्देवार. निर्यातदार एकेक मुद्दा मराठीत करून सांगत होता आणि मी लिहून घेत होतो. नववा मुद्दा आला आणि तो हसला. ‘‘आवं साहेब, ह्ये बघा. म्हणतोय, दाराजवळच्या एका खोक्यावर लाल पावडर सांडली हाय, ती खाण्यात गेली तर? आता ह्येला कुंकू कोण समजावून सांगणार!’’ गाडी सुटताना नारळ फोडायचा आणि पहिल्या खोक्याची पूजा करायची, ही आपल्याकडे माल भरण्याच्या प्रत्येक शेडमधली रीत. मीही हसलो. नववा मुद्दा सोडून आम्ही दहाव्याकडे वळलो.

फिर्याद दाखल झाली. दुसऱ्याच दिवशी ठाण्यात फोन आला. नाव सांगायला तयार नसलेला माणूस म्हणाला, ‘‘गाडीबिडीच्या मागं लागू नका साहेब. शेडमधल्या बायकांनीच चांगला माल बाजूला काढून खोक्यात घाण भरली. मुकादमीण सामील हाय.’’ एवढं बोलून त्याने फोन ठेवला. हवालदार खूश झाला. तपासात आयती खबर मिळाली की माणूस आळशी होतो. मीही झालो.

ती मुकादमीण म्हणजे आक्का. तिच्या गावच्या चाळीस बायका ती रोज टेम्पोतून शेडवर आणायची. माल निवडणं, वजन करणं, पिशवीचं तोंड बांधणं, खोकं चिकटपट्टीने बंद करणं, सगळं तिच्या नजरेखाली. कंटेनर भरताना शेवटची सहीही तिचीच. संशय घ्यायला यापेक्षा सोयीचं माणूस मिळणार नव्हतं.

महिला पोलीस बसवून मी तिचा जबाब घेतला. पन्नाशी ओलांडलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, डोक्यावर पदर आणि बोलणं सरळ. मी अडवून, फिरवून, उलटसुलट विचारलं. ती एकच वाक्य धरून होती. ‘‘त्यो माल आमच्या हातचा न्हाई.’’

‘‘खोकी तुमचीच आहेत ना?’’

‘‘खोकी आमची. माल न्हाई.’’

मी तिला घरी सोडलं आणि दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं. तेवढ्यात तिकडे व्हायचं ते झालंच. निर्यातदाराने तिला शेडच्या फाटकात अडवलं. गावात बोभाटा झाला. दुसऱ्या शेडवाल्यांनी त्या गावच्या बायकाच नकोत म्हणून सांगितलं. आक्का दुसऱ्यांदा आली तेव्हा खुर्चीत बसली नाही. ‘‘मला आत टाका, माझं काय न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘पर चाळीस घरातल्या बायांना आता कोण दारात उभं करंल? एकीला इचारलं तर म्हणत्यात, त्या चोरट्या गावची का तू?’’

खरं सांगतो, त्या क्षणी मला तिची दया आली नाही. नाटक चांगलं करते, असंच वाटलं. अटकेचे कागद तयार होते. शेवटचा टोला म्हणून मी परदेशातून आलेले फोटो तिच्यापुढे टेबलावर मांडले. ‘‘घ्या, बघा तुमच्या हातची करामत.’’

तिने एकेक फोटो हात लांब करून पाहिला. एकावर थांबली.

‘‘ह्ये खोकं कुटलं म्हणायचं?’’

‘‘दाराजवळचं.’’

‘‘आणि ह्येला कुकू कुणी लावलं?’’

मला प्रश्नच कळला नाही. पूजेचं कुंकू आहे, मी म्हणालो. त्यावर ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही इतका वेळ जबाब मीच देत होतो.

‘‘साहेब, पूजा मी करते. गेली कैक वरसं मीच करते, दुसरं कुणी हात लावत न्हाई. आणि मालक गेल्यापासनं मी कुकवाच्या करंड्याला शिवलेली न्हाई. पालीच्या खंडोबाचा भंडारा असतो माझ्याकडं. त्यो लावते. पिवळा. आणि लावते पहिल्या खोक्याला, म्हंजे पार आत, कंटेनरच्या पाठीला टेकतं त्या. दाराजवळच्याला कशाला लावीन?’’

‘‘शेडच्या मालकांना हे माहीत नाही?’’

‘‘त्ये भाईर चाकाम्होरं नारळ फोडत असत्यात. आत कोण काय लावतं, त्येंनी कवा बघितलंय?’’

मी बेदाणा विसरलो. खुर्ची पुढे ओढली, तिच्यासाठी चहा मागवला आणि तासभर फक्त पूजेबद्दल विचारत राहिलो. कोण कुठे उभं असतं, भंडारा कुठे ठेवते, हमाल काय म्हणतात. हवालदार दारातून दोनदा डोकावून गेला. साहेबांना झालंय तरी काय, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

बाईच्या शब्दावर गुन्हा फिरवता येत नाही, पुरावा लागतो. निर्यातदाराला बोलावून सांगितलं, व्यापाऱ्याला कळवा, कंटेनरमधून सगळ्यात शेवटी बाहेर काढलेलं खोकं शोधून त्याचा फोटो पाठवायला सांगा. तो चक्रावला, पण त्याने कळवलं. ते दोन दिवस मला फार जड गेले. वरून विचारणा होत होती, संशयित समोर असताना अटक का नाही? मी ‘तपास चालू आहे’ एवढंच लिहीत होतो. खोकं फेकून दिलं असेल तर? भंडारा पुसून गेला असेल तर?

फोटो आला. खोक्याच्या कोपऱ्यावर तीन बोटांचे पिवळे पट्टे उमटलेले होते, ठसठशीत. म्हणजे एका कंटेनरची दोनदा पूजा झाली होती. एक शेडमध्ये आणि दुसरी वाटेत कुठेतरी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. नववा मुद्दा माझ्याच अक्षरात माझ्याच फायलीत पडून होता.

आता वाटेत गाडी थांबली कुठे? कंटेनर बंदरावर नेणाऱ्या ट्रेलरच्या मालकाने, जो स्वतःच गाडी चालवायचा, पहिल्याच जबाबात सांगितलं होतं की शिरवळला ढाब्यावर पाच तास थांबलो, पुढे पुण्यात जड गाड्यांना ठरावीक वेळीच सोडतात म्हणून गाडीतच झोपलो. जीपीएसही तेच दाखवत होतं. सगळेच थांबतात म्हणून आम्ही ते सोडून दिलं होतं.

मी त्याला पुन्हा बोलावलं. म्हसवडकडचा गडी, सिद्धनाथाचा भक्त, गळ्यात देवाचा ताईत. पहिला अर्धा तास मी बेदाण्याचं नावच काढलं नाही. यंदा रथाच्या यात्रेला गेला होतास का, गाडीत देव कुठला, सकाळी उदबत्ती लावतोस का. तो खुलला. गाडीला हात जोडल्याशिवाय चावी फिरवत न्हाई, म्हणाला. मग त्याच आवाजात मी विचारलं, ‘‘शिरवळचा नारळ कुठून घेतलास रे?’’

‘‘ढाब्याशेजारच्या टपरीवरनं,’’ तो म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याने गळ्यातला ताईत मुठीत धरला. गाडी, सील, वेळ, रस्ता, सगळ्यांची उत्तरं त्याने घोकून ठेवली होती. नारळाचं उत्तर घोकायचं त्याला सुचलं नव्हतं, कारण नारळ फोडणं हा चोरीचा भाग आहे असं त्याला वाटतच नव्हतं.

पुढचं सगळं भराभर बाहेर आलं. ढाब्यामागच्या गोदामात भर दुपारी, सीलला धक्का न लावता दाराची कडी सोडवून, दाराकडची निम्मी खोकी उतरवली. आतल्या पिशव्या बदलल्या, खोकी पुन्हा चिकटवली आणि परत चढवली. निनावी फोनही त्याचाच. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

‘‘पण कुंकू कशाला लावलंस?’’ हे मला तपासासाठी नको होतं, माझ्यासाठी हवं होतं.

‘‘हमाल अडून बसले साहेब. म्हणले, भरल्या गाडीचं दार नारळाबिगर लावायचं न्हाई, अपघात हुतो. मलाबी पटलं. घाटातनं जायचं हुतं.’’ मग मान खाली घालून म्हणाला, ‘‘चोरी येगळी, देवाचं येगळं.’’

शिरवळ पोलिसांना सोबत घेऊन आम्ही गोदामाचा पंचनामा केला. बराचसा चांगला माल तिथेच सापडला. आरोपपत्र गेलं, वरिष्ठांनी पाठ थोपटली. माझ्या लेखी विषय संपला होता.

आक्काच्या लेखी संपला नव्हता. ती ठाण्यात आली. निर्यातदाराने तिला परत बोलावलं होतं, तरी ती गेली नव्हती.

मी म्हणालो, ‘‘आक्का, तुमच्यावर आता काहीच नाही. मी तसं लिहूनही दिलंय.’’

‘‘लिवलेलं कोण वाचतंय साहेब? तुमी मला बोलावलं, त्ये समद्यांनी बघितलं. सोडलं, त्ये कुणी बघितलं? गावात येऊन सांगा.’’

असं कुणी कधी मागितलं नव्हतं. हवालदार म्हणाला, साहेब, पायंडा पडेल. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी वर्दी चढवून तिच्या गावात गेलो. दूध डेअरीवर सगळा गाव रांगेत होता. बाप्ये, बाया, हातात कॅन. मी पायरीवर उभा राहिलो आणि सांगितलं, या बाईने चोरी केली नाही, चोरी हिनेच उघडकीला आणली, मी चुकलो होतो. एवढ्या वर्षांच्या नोकरीत ‘मी चुकलो’ हे शब्द वर्दी घालून मी पहिल्यांदाच उच्चारले.

मला वाटलं, कुणीतरी काही बोलेल, निदान आक्का तरी. तिने पदर खोचला, कॅन उचलला आणि मला म्हणाली, ‘‘साहेब, जरा सरका. माजं दूध घालायचंय.’’

मी सरकलो, आणि माझ्या लक्षात आलं की तिच्यासाठी रांगेतल्या लोकांनीही जागा केली होती. गुन्हेगार पकडला की पोलिसाचं काम झालं, असं मी तोवर मानत होतो. ज्याच्यावर फुकट संशय घेतला, त्याला जिथून उचललं तिथे परत नेऊन सोडणं हेही आपलंच काम आहे, हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात शेडवरून जाताना सहज आत पाहिलं. आक्काच्या नजरेखाली चाळीसच्या चाळीस बायका माल निवडत होत्या.