चार बोटं डावीकडे

अक्षर खराब आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याबद्दल माफ करावं. चौथीनंतर पेन धरला तो सही करायला, नाहीतर किराण्याची यादी लिहायला. ही लेकीची जुनी वही आहे, मागची पानं कोरी होती. कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण त्या माणसाचं मी काय केलं ते माझ्या हातानं लिहून ठेवायचं आहे. तोंडानं सांगायला गेले की अर्ध्यात माझा आवाज बसतो.

आमचं जत्रेत फुगे फोडायचं दुकान होतं. नवरा बंदूक भरून द्यायचा, पैसे घ्यायचा. मी मागे बसून फुगे फुगवायचे आणि फळीला बांधायचे. बारा वर्षं. डोक्यावर पदर, गाल फुगलेले, गिऱ्हाइकानं माझं तोंड कधी नीट पाहिलं नसेल. दुकान आवरताना उरलेले फुगे मी फोडायचे, तेवढाच माझा खेळ. नवऱ्याचे दहातले चार फुटायचे, माझे नऊ.

बंदुका दुरुस्त करायला एक माणूस यायचा. स्प्रिंग बदलायचा, तेल द्यायचा आणि जाता जाता पक्कडीनं माशी वाकवून द्यायचा. नेम धरायला नळीच्या टोकावर लहानसा खुंटा असतो, ती माशी. ती थोडी उजवीकडे वाकवली की नेम बरोबर धरूनही छर्रा डावीकडे जातो. गिऱ्हाईक चिडतं आणि पुन्हा पैसे काढतं. "वहिनी, आता तुमचे फुगे म्हातारे होऊनच मरतील," असं तो म्हणायचा. तेव्हा मीही हसायचे, ते लपवत नाही. फक्त कोणी मोठा माणूस आला, पोलीस किंवा गावचा पुढारी, की तो न राहवून त्याच्या कानाशी लागायचा, "साहेब, जरा उजवीकडं धरा." मोठ्या माणसाचा नेम चुकलेला त्याला बघवत नसे.

कोरोनात जत्रा बंद झाल्या, दुकान मोडलं. आम्ही आसेगावला आलो. नवरा ट्रॅक्टरवर जातो, मी मजुरीनं. लेक नववीत गेली तेव्हा शाळेत खेळाच्या सरांनी एअर रायफल सुरू केली. दहा मीटरवर कागद, कागदावर काळा गोल, त्यात छर्रे मारायचे. शाळेची बंदूक एक आणि पोरी अकरा. सर म्हणाले, जिच्याकडे स्वतःची असेल तिचा सराव होईल आणि तिचंच नाव जिल्ह्याला पाठवीन. माझ्याकडे दोन हंगामांच्या सोयाबीन कापणीचे सात हजार दोनशे होते.

वाशीमच्या दुकानात गेले तर काचेच्या कपाटामागे तोच माणूस. पोट सुटलं होतं, बाकी तोच. त्यानं मला ओळखलं नाही. कपाटात वरच्या फळीवर परदेशी बंदुका होत्या, हवेच्या टाकीवाल्या. त्यांची किंमत त्यानं मला सांगितलीही नाही. खालून एक काळी, चकचकीत स्प्रिंगची बंदूक काढली.

"ताई, ही घ्या. स्पर्धेची गन हाय. एकाच पोरानं वापरली, मेडल मारलं अन् पुण्याले गेला."

मला म्हणायचं होतं, एकदा चालवून पाहू का. तोंडातून "पाहू का" एवढंच निघालं.

"पाहा ना, पाहाचे कोन पैसे घेते," म्हणून त्यानं ती माझ्या हातात ठेवली. मी पाहिली. रंग छान होता. ज्याला वाकडं करता येतं त्याला सरळही करता येत असेल, असं मी समजले. ओळखीचा माणूस, असंही वाटलं. माझी चूक ती एवढीच. त्यानं आधार कार्डाची झेरॉक्स घेतली, सगळे पैसे घेतले आणि बंदूक पोत्यात गुंडाळून दिली.

दीड महिन्यानं लेकीनं बंदूक पलंगाखाली सारली. "माह्या हातच वाकडा हाय, आई. सर सगळ्याइपुढं म्हणाले. म्हणाले, तू रांगोळी काढ." आणि सरावाचे कागद चुलीजवळ आणून टाकले.

चूल पेटवायला मी एक उचलला आणि खाली बसले. पाच भोकं, सगळी एका रुपयाखाली झाकतील एवढ्या जागेत. पण काळ्या गोलाच्या बाहेर, चार बोटं डावीकडे. दुसऱ्या कागदावर तेच. तिसऱ्यावरही. हात वाईट असला की छर्रे पेरल्यासारखे विखुरतात, हे मी बारा वर्षं पाहिलं आहे. एकाच जागी सगळे लागले तर हात चांगला आणि बंदूक वाकडी. नखानं माशीवरचा रंग खरवडला. खाली पक्कडीचे दात उमटलेले होते. कुठल्यातरी जत्रेतली बंदूक त्यानं रंगवून माझ्या लेकीच्या खांद्याला लावली होती. नेम सुधारायला बंदुकीवर मागे सरकती खाच असते, ती सरकवून पाहिली, तिचा स्क्रू शेवटाला टेकला होता, पुढे जागाच नव्हती.

मी दुकानात गेले. तो म्हणाला, "विकलेला माल परत नाही होत, बाई. पोरीचा हात वाकडा असंल, गनले काहून बोल लावता? लाटनं द्या तिच्या हाती, तिथं निशाणा बरोबर बसते."

दुकानात चार माणसं होती, चारही हसली. मी बाहेर पडून एसटीत बसले. बंदूक मांडीवर होती. मंगरूळपीर येईपर्यंत मी ठरवलं, मला नुसते पैसे नकोत. याला याच्या दुकानात, याच्याच तोंडानं उघडा पाडायचा.

बाजाराच्या दिवसाची वाट पाहिली. त्या दिवशी दुकान भरलेलं होतं. एक म्हातारे फौजी नातीसाठी बंदूक बघत होते, ताठ पाठ, पांढऱ्या मिशा. मी त्यांच्यापुढे हात जोडले. "काका, माही बंदूक जरा चालवून पाहता का? मले येत नाही." दिवसभरात एवढंच खोटं बोलले.

दुकानामागे लांबट बोळ होता, शेवटी फळी होती. दोन्हीकडे भिंती. गिऱ्हाइकांसमोर त्या माणसाला नाही म्हणता येईना. सगळे मागे आले. फौजींनी बंदूक खांद्याला लावली, श्वास धरला. मी फळीकडे पाहिलंच नाही. मी त्या माणसाच्या तोंडाकडे पाहत होते.

"काका," तो म्हणाला, "जरा उजवीकडं धरा."

फौजींनी बंदूक खाली घेतली. "काहून?"

"काई नाही. हवा हाय थोडी."

"दोन भिंतीत कायची हवा रे?"

कोणीतरी मागून हसलं. फौजींनी बरोबर मधोमध नेम धरला आणि पाच छर्रे मारले. कागद आणला. पाच भोकं, एका जागी, चार बोटं डावीकडे. मी पिशवीतून लेकीचा कागद काढला, त्यांच्या कागदावर ठेवला आणि दोन्ही उन्हात धरले. त्याच जागेतून उजेड आला.

"कोनाचा हा?"

"माह्या लेकीचा. नववीत हाय."

"हात फौजेतला हाय तिचा," फौजी म्हणाले. मग त्या माणसाकडे वळले. "अन् तुले न मारता कसं समजलं रे, डावीकडं जाते म्हून?"

तो माझ्याकडे रागानं बघायला लागला. तेव्हा मी जत्रेतल्यासारखा डोक्यावर पदर ओढला आणि दोन्ही गाल फुगवले. त्याचा चेहरा बदललेला मी सावकाश पाहिला. आजही भाकरी थापताना तो चेहरा आठवला की बरं वाटतं.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "आत या, बसून बोलू."

मी आत गेले नाही. त्याच्या पायरीवर बसले. गिऱ्हाइकं एकेक करून निघून गेली. नातीसाठी काही न घेताच फौजीही निघाले. जाताना त्यांनी मला दुसऱ्या दुकानाचा पत्ता दिला. तिथे मी लेकीला घेऊन गेले आणि या वेळी तोंड उघडलं, "चालवून पाहिल्याशिवाय घेत नाही." तीन बंदुका चालवल्या. पहिली तिच्या हाताला जड होती, चौथ्या छर्र्याला दंड थरथरला. दुसरीचा घोडा दाबताना झटका बसत होता. तिसरी साधी, मागची खाच दोन्हीकडे सरकणारी, सहा हजार नऊशेची. तिनं दहा मारले, नऊ काळ्यात. दुकानदारानं ती महिनाभर बाजूला ठेवतो म्हटलं. स्पर्धेचा फॉर्म भरायची मुदतही तेवढीच होती.

म्हणून दर बाजाराला मी त्या माणसाच्या पायरीवर. मांडीवर बंदूक, बंदुकीवर दोन्ही कागद. कोणी विचारलं की कागद उन्हात धरायचे, बोलावं लागत नसे. पहिल्या वेळी त्यानं दोन हजार दिले, दुसऱ्या वेळी अडीच. बाकीचे वापरल्याचे कापले म्हणाला. मी उठले नाही. तिसऱ्या वेळी त्याची बायको चहा घेऊन आली. मी चहा प्यायले, कप धुऊन दिला आणि पुन्हा बसले. तिची दया आली, त्याची आली नाही.

चौथ्या बाजाराला त्यानं दुकान उघडायच्या आधीच मला पाहिलं. गल्ल्यातून पैसे काढून आणले. मोजले तर बाकीच्यात दोनशे कमी.

"पॉलिश खरवडलं तुमी, त्याचे हायत ते," तो म्हणाला.

मी पैसे पदरात ठेवून पायरीवरच राहिले. थोड्या वेळानं त्यानं दोनशे आणून माझ्यापुढे टाकले. ते मी उचलले नाहीत. त्याला वाकून उचलावे लागले आणि हातात द्यावे लागले. मग मी बंदूक त्याच्या स्वाधीन केली.

त्यानं नळीच्या टोकावरून बोट फिरवलं. "माशी कुठं गेली?"

"सकाळी कापली करवतीनं. पुन्हा कोनाच्या पोरीले विकाची नाही."

आणि आधीचे पिशवीतून काढून सगळे पैसे पुन्हा मोजले, त्याच्यासमोर, एकेक नोट. सात हजार दोनशे. पुरे होते.