बिबट्या नसलेली फोटो-स्टोरी

गंगापूर रोडला माझा स्टुडिओ आहे. लग्नामुंजींचे फोटो हे पोटापाण्याचं काम. पण त्या हिवाळ्यात मला एक गोष्ट नुसत्या फोटोंतून सांगायची होती. सायखेड्याजवळ गोदाकाठच्या मळ्यात एक जोडपं राहायचं. त्यांना मी दादा-वहिनी म्हणायचो. घराच्या तिन्ही बाजूंनी ऊस आणि उसात बिबट्याचा वावर. त्या धास्तीनं त्यांचं जगणं कसं बदललं, ते मी टिपत होतो. कुत्र्याच्या गळ्यातला खिळ्यांचा पट्टा, उजेडातच उरकलेली जेवणं, भिंतीला पाठ लावून धार काढणाऱ्या वहिनी. एकेक फोटो चांगला होता, पण ओळीनं मांडले की गोष्ट मधेच तुटल्यासारखी वाटे. शेवटी बिबट्या दिसायलाच हवा, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

ऊसतोड सुरू झाली आणि तोडणीवाल्यांना सरीत बिबट्याचं पिल्लू सापडलं. मळ्यात माणसं जमली, वनखात्याचा वनरक्षकही आला. पिल्लू उचलून न्या, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. वनरक्षक ऐकेना. पिल्लू जागेवर नसलं तर मादी पिसाळून वस्त्या धुंडाळेल, तेव्हा ते इथंच ठेवू, ती येऊन नेईल, असं त्यानं समजावलं. पिल्लू अंगणालगतच्या त्याच सरीत एका क्रेटमध्ये ठेवलं, जमलेले सगळे लांब गेले. मला खिडकीतून, फ्लॅश न मारता फोटो काढायची परवानगी मिळाली.

दिवस कलला तसे वनरक्षक, वहिनी आणि मी घरात बसलो. दादा गोठ्याची कडी लावून येतो म्हणून बाहेर पडले. गोठा अंगणापलीकडे होता. ते आत शिरले असतील-नसतील, तोच कडेचं पाचट हललं आणि मादी बाहेर आली.

ती अंगणाच्या कडेला, गोठ्यासमोरच थांबली. गोठ्याचं दार उघडं होतं. ती आलीय हे दादांना ठाऊक होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता. सहज बाहेर पडले असते तर थेट तिच्या पुढ्यात आले असते. वहिनींनी हाक मारायला तोंड उघडलं, तसं वनरक्षकानं हातानंच थांबवलं. वहिनींनी मोबाईल उचलला. मग गोठ्यात रिंग वाजेल हे ध्यानात येऊन तसाच खाली ठेवला.

मादी गोठ्याकडे मान वळवून बघत होती. माझा कॅमेरा तिच्यावरच रोखलेला होता, उजेडही पुरेसा होता. तेवढ्यात शेजारी वहिनींचा श्वास अडकल्याचं ऐकू आलं आणि मी वळलो. त्यांनी खिडकीचे गज दोन्ही मुठींत धरले होते. कपाळ गजांना टेकलेलं. ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. मी कॅमेरा त्यांच्याकडे फिरवला आणि फोटो काढला.

पुन्हा बाहेर पाहिलं तेव्हा पिल्लू मादीच्या तोंडात होतं. ती उसात शिरली. वनरक्षकानं बराच वेळ कुणाला हलू दिलं नाही. मग त्यानं बॅटरी मारून हाक दिली आणि दादा बाहेर आले. पत्र्याच्या फटीतून त्यांना सगळं दिसलं होतं. वासरू हंबरू नये म्हणून ते त्याचं तोंड दोन्ही हातांनी दाबून उभे होते. बाह्या लाळेनं भिजल्या होत्या.  वहिनी चूल पेटवायला बसल्या.

पुढे प्रदर्शन ठरलं, तेव्हा प्रिंट घेऊन मी मळ्यात गेलो आणि ते जमिनीवर ओळीनं मांडले. शेवटी वहिनींचा फोटो ठेवला. आता गोष्ट पुरी वाटत होती. वहिनींनी नेमका तोच उचलला.

"हा नका लावू, भाऊ. प्रदर्शन बघायला कळवणहून माझे वडील येतील. मळ्यात राहू नका म्हणून ते कधीचे मागं लागलेत. माझं हे तोंड बघितलं तर मला न्यायलाच येतील."

दादांनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि उजेडाकडे धरून पाहिला.

"एवढी भ्यालीस, मला बोलली नाय?"

"काय बोलायचं? रोजच भेते मी."

 मला तिथं बसवेना. बाकीचे प्रिंट गोळा करून मी निघालो. तो एक त्यांनी ठेवून घेतला.

शहरात प्रदर्शन लागलं, तेव्हा ओळीच्या शेवटी रिकाम्या क्रेटचा फोटो होता. बरेच जण त्याच्यापुढं थांबून बिबट्या कुठाय म्हणून विचारायचे. ही गोष्ट अपुरी आहे, हे त्यांच्याइतकंच मलाही जाणवत होतं.

उन्हाळ्यात मळ्यावर गेलो, तर जुना गोठा मोडला होता. घराच्या भिंतीला लागून दादांनी नवा बांधला होता आणि स्वयंपाकघरातून तिकडं दार काढलं होतं. वहिनी धार काढत होत्या. आता बरं वाटतं का, असं मी विचारलं.

"दार लय कामाचं हाय," त्या म्हणाल्या. "पण ऊस हाय तवर भीती राहणारच की."